बेसला २०% कोपे, वर सुपर टॉपअपचं डिडक्टिबल, हिशोब कसा लागतो? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, बाबांच्या (वय ६८) मेडिक्लेमचं गणित सुटत नाहीये, दोन्ही पॉलिसी एकत्र वापरलेलं कुणी असेल तर प्लीज सांगा.

बेस (मूळ) पॉलिसी ५ लाखांची, २०% कोपे, म्हणजे मंजूर खर्चातला आपण भरायचा वाटा. वर दुसऱ्या कंपनीचा सुपर टॉपअप (बेसच्या जोडीची जादा पॉलिसी), डिडक्टिबल ५ लाख, म्हणजे तेवढी रक्कम ओलांडली की त्यावरचं ती देते. मे महिन्यात अँजिओप्लास्टी झाली, बिल ३ लाख १८ हजार, त्यातले १८ हजार ग्लोव्हज, मास्क, अमुक चार्ज तमुक चार्ज करत कापले, उरलेल्या ३ लाखांवर २०% म्हणजे ६० हजार आम्ही भरले आणि २.४० लाख कंपनीने. इथपर्यंत ठीक. आता गुडघा बदलायचाय, वेटिंग पिरियड संपलाय, एस्टिमेट २.६० लाख, म्हणजे परत ५२ हजार कोपे आलाच.

तर ते ५ लाखांचं डिडक्टिबल मोजतात कशावर? मंजूर खर्च धरला तर ३ + २.६० = ५.६० लाख, ५ च्या वर ६० हजार, मग कोपेचे ५२ हजार सुपर टॉपअपमधून निघायला हवेत ना? एजंटकाका म्हणतात बेसने दिलेलेच पैसे धरतात, २.४० + २.०८ = ४.४८, म्हणजे काहीच नाही. काका तसे चांगले आहेत हो, पण वर्डिंग दाखवा म्हटलं की "टेन्शन घेऊ नका, होऊन जाईल".

प्रतिसाद १: वर्डिंगमधली डिडक्टिबलची व्याख्या स्वतः वाचा. सुपर टॉपअपमध्ये साधारणपणे वर्षभराचा एकूण मंजूर खर्च धरतात, तो बेसने भरला की तुम्ही खिशातून, याने फरक पडत नाही. त्यामुळे तुमचं गणित बरोबर वाटतंय, पण त्या पॉलिसीला स्वतःचा वेगळा कोपे नाही ना ते बघा. आणि नुसता टॉपअप असेल तर विषयच संपला, तिथे प्रत्येक क्लेम वेगळा मोजतात आणि तुमचा एकही ५ च्या वर नाही. पहिल्या क्लेमचं सेटलमेंट लेटर जपून ठेवा, दुसरी कंपनी मागणारच. दोन्ही अ‍ॅडमिशन सुपर टॉपअपच्या एकाच पॉलिसी वर्षात आहेत ना?

धागाकर्ता: सुपर टॉपअपच आहे, कोपे नाही. पण रिन्यूअल १० जूनला झालंय 😐 म्हणजे मेचे ३ लाख गेले का?

प्रतिसाद १: गेले. १० जूनपासून परत शून्यापासून मोजणार. ५२ हजारांची सोय करून ठेवा.