शब्दचर्चा: ‘सिक्युअर मल्टिपार्टी कॉम्प्युटेशन’ला मराठीत काय म्हणावं?

राजारामपुरी, कोल्हापूर
एमएस्सीच्या मुलांसाठी क्रिप्टोग्राफीच्या, म्हणजे माहिती गुप्त राखण्याच्या शास्त्राच्या, मराठी टिपा काढतेय. आपापले आकडे गुप्त ठेवून अनेकांनी मिळून करायच्या हिशेबाला ‘सुरक्षित बहुपक्षीय संगणन’ असं लिहिलं, तर एका विद्यार्थ्यानं विचारलं, ‘मॅडम, कुठले पक्ष?’ दुसरा शब्द सुचवाल का?

कागल
‘पक्ष’ राहू द्या. वधूपक्ष, वरपक्ष, करारातला पक्ष हे रोजचेच शब्द आहेत. मला खटकतं ते ‘सुरक्षित’. त्यावरून वाटतं, कॉम्प्युटरला कुलूप लावलंय.

शाहूपुरी
जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं धरून भाव ठरतो, तसंच ना हे? मग ‘गुप्त सौदा’ म्हणा.

कागल
तसं नाही. रुमालाखाली दोघांनाही भाव कळतो, फक्त बघ्यांना कळत नाही. ते झालं कूटलेखन, म्हणजे तिऱ्हाइताला वाचता येणार नाही असा निरोप. इथं समोरच्यालाही तुमचा आकडा कळत नाही, कळतं ते फक्त उत्तर. अँड्र्यू याओ यांनी 1982 साली घातलेला प्रश्नच असा होता: दोन लक्षाधीशांपैकी जास्त श्रीमंत कोण, हे संपत्ती न सांगता कसं ठरवायचं?

उसावरच करून बघा. तिघांचा एकरी उतारा 62, 48 आणि 52 टन. प्रत्येकानं आपल्या आकड्याचे तीन वाटे करायचे:

62 = 20 + 75 − 33
48 = 91 − 60 + 17
52 = 5 + 10 + 37

सगळ्यांचा पहिला वाटा पहिल्याकडे, दुसरा दुसऱ्याकडे, तिसरा तिसऱ्याकडे. तिघांनी फक्त आपल्याकडची बेरीज जाहीर करायची: 116, 25, 21. एकूण 162, सरासरी 54. कुणाचा उतारा किती, हे कुणीच बोललं नाही. खऱ्या पद्धतीत वाटे यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठी टाकून काढल्यासारखे, असतात आणि बेरीज एका मोठ्या संख्येनं भागून बाकी घेतात, म्हणून एकट्या वाट्यावरून काडीचाही अंदाज लागत नाही.

राजारामपुरी
पण दोघंच असले, तर बेरजेतून आपला आकडा वजा केला की दुसऱ्याचा कळलाच की!

कागल
बरोबर, आणि म्हणूनच ‘सुरक्षित’ अपुरा पडतो. उत्तरातून जे आपोआप कळतं, ते ही पद्धत झाकत नाही. झाकलेले असतात ते आत घातलेले आकडे. मथळ्याला तुमचा शब्द ठेवा, पण पहिल्याच वाक्यात लिहा: ‘आपापले आकडे न उघडता एकत्र केलेली आकडेमोड’.

शिरोळ
साखरेचंच खरं उदाहरण द्या. जानेवारी 2008 मध्ये डेन्मार्कच्या सुमारे 1200 बीट उत्पादकांनी बीट पुरवठ्याच्या हक्कांचा लिलाव याच पद्धतीनं केला. तेव्हा साखर कंपनी एकच होती, डॅनिस्को. कुठल्या भावाला कोण किती हक्क विकेल, हे तिला दिसलं असतं तर कुणाला किती गरज आहे तेही उघडं पडलं असतं. म्हणून हिशेब तीन ठिकाणी वाटला: कंपनी, उत्पादकांची संघटना आणि संशोधकांचा गट. आपल्या ऊसपट्ट्यातल्या मुलांना हे लगेच पटेल.

राजारामपुरी
मग आकड्याचे असे वाटे करण्याला, ‘सीक्रेट शेअरिंग’ला, काय म्हणू? ‘गुपित सांगणे’ तर उलटंच होतं.

कागल
‘गुपिताची वाटणी’. जमिनीची करतात तशीच, ज्याचा त्याचा वाटा. आदी शमीर यांच्या 1979 च्या पद्धतीत ठरलेल्या संख्येइतके वाटे जमले तरच गुपित उघडतं. त्या संख्येला पुस्तकी ‘उंबरठा मूल्य’ नको, ‘गणपूर्ती’ म्हणा. सोसायटीच्या सभेला बसलेल्या कुणालाही तो शब्द समजावावा लागणार नाही.

राजारामपुरी
‘वाटा’ आणि ‘गणपूर्ती’ घेतले. ‘बहुपक्षीय’ही ठेवते.