पुण्यात ताज्या बिअर चाखायला चाललोय, मार्क कसे द्यायचे?

कंदी_पेढा (सातारा)
राम राम मंडळी. आम्ही साताऱ्यातले पाचसहा जण शनिवारी पुण्याला एका मायक्रोब्रूअरीत (जागेवरच बिअर बनवून देतात तिथं) चाललोय. तिथं म्हणे लाकडी ट्रेमध्ये छोटे छोटे ग्लास देतात, त्यांच्या प्रत्येक बिअरचा एकेक. आमच्यातला बँकवाला आत्ताच एक्सेल शीट बनवून बसलाय, १० पैकी मार्क आणि शेवटी सरासरी. पण गेल्या टायमाला अशाच ठिकाणी काय झालं, नेहमी स्ट्राँग बिअर पिणाऱ्या आमच्या स्ट्राँगवाल्यानं "चढतच नाही" म्हणून सगळ्यांना ३ दिले आणि एकानं सायडरला १० देऊन टाकले, मग सफरचंदाचं असतंय तर ते बिअरमध्ये धरायचं का यावरच घरी येईपर्यंत भांडण. तर मार्क नक्की कशाचे द्यायचे, आधी कुठली प्यायची, आणि सोबत खायचं काय?

तासगावचा_बेदाणा
सायडर बाजूला काढा, ती बिअर नाही, विषय संपला.
मार्काचं म्हणाल तर परदेशात स्पर्धांना बीजेसीपीची (बिअरच्या परीक्षकांची संस्था) शीट वापरतात, एकूण ५०. वासाला १२, दिसण्याला ३, चवीला २०, तोंडात कशी लागते त्याला ५ आणि एकूण मताला १०. म्हणजे बघा, रंग आणि फेस मिळून फक्त ३, आणि आपण फोटो काढण्यात अर्धा तास घालवतो. आणि मार्क त्या प्रकाराला धरून द्यायचे, आपल्या सवयीला धरून नाही. ताक बासुंदीएवढं घट्ट नाही म्हणून नापास करतो का आपण? गव्हाच्या जर्मन पद्धतीच्या बिअरला पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास यायलाच पाहिजे, त्यात केळं पण नसतं न् लवंग पण नसते, सगळं बिअर आंबवणाऱ्या यीस्टचं काम. तिथं कुणीतरी हमखास म्हणणार "एसेन्स टाकलाय". उलट बेल्जियन विट या गव्हाच्याच बिअरमध्ये खरोखरच धने आणि संत्र्याची साल घालतात, ती गढूळच असते, गढूळ म्हणून मार्क कापू नका.
क्रम सोपाय, हलकी ते जड. लागर (नेहमीची हलकी, सोनेरी बिअर) किंवा विट आधी, मग जर्मन गव्हाची, मग आयपीए (जास्त कडू बिअर), काळी स्टाउट शेवटी. आयपीए आधी घेतली तर हॉप्स नावाच्या फुलांचा कडूपणा जिभेवर बसतो आणि पुढची गव्हाची पाण्यासारखी लागते. आणि स्टाउट काळी दिसते म्हणून घाबरू नका, तो रंग करपेपर्यंत भाजलेल्या बार्लीचा. आयर्लंडची प्रसिद्ध स्टाउट गिनेस ड्राफ्ट ४.२ टक्क्यांच्या आसपास आहे फक्त, तुमच्या स्ट्राँगवाल्याच्या कॅनवर ८ टक्क्यांपर्यंत लिहिलेलं असतं.

भडंग_सम्राट (सांगली)
बेदाणाभाऊ, माहिती भारी पण माणसं मजा करायला चाललीत, दहावीचे पेपर तपासायला नाही. ५० मार्काची शीट घेऊन बसलात तर दुसऱ्या ग्लासला सगळे मोबाईल बघत बसतील. मी एकच प्रश्न विचारतो, हीच परत पूर्ण ग्लास मागवशील का? हो, नाही, बघू. झालं. प्रकाराला धरून पैकीच्या पैकी मिळालेली आयपीए मला परत नकोच असेल तर त्या मार्काचं काय लोणचं घालू?
खायला मात्र माझं ऐका, भडंग नको (आयडी बघून हसू नका). लसूण आणि तिखटानं तोंड भाजलं की वास बीस काय कळत नाय. साधे खारे दाणे, पाव आणि मधे मधे पाणी.

तासगावचा_बेदाणा
मजेला नाही कोण म्हणतंय. पण "परत मागवशील का" विचारलं तर तो स्ट्राँगवाला सगळ्याला नाहीच म्हणणार, शीट ३ ची ३. दोन रकाने करा, एक प्रकाराला धरून, एक तुमच्या आवडीचा. ज्या बिअरला दोन्हीत फरक जास्त पडेल तिच्यावर गप्पा रंगतात.

खंबाटकी_बोगदा
दोघांनी महत्त्वाचं सांगितलंच नाही. ग्लास बर्फगार असेल तर मार्क देऊ नका. थंडीनं वास दबतो, सगळ्या सारख्याच लागतात. लागर गार ठीक आहे, पण स्टाउट १०-१२ डिग्रीला आली की मग कॉफी, चॉकलेट असलं काय काय उघडतं. दहा मिनिटं टेबलावर राहू द्या, तळहातात धरा.
दुसरं, लोण्यासारखा किंवा थेटरातल्या पॉपकॉर्नसारखा वास आला तर तो बहुतेक दोष असतो. यीस्टला शेवटी पुरेसा वेळ दिला नाही की राहतो, किंवा बिअरच्या नळाची पाइप धुतलेली नसली तरी येतो. हिरव्या सफरचंदाचा वास म्हणजे बिअर कच्ची काढलेली. वेटरला नीट सांगितलं तर चांगल्या जागी बदलून देतात, त्यात लाजायचं काय.
आणि गाडी कोण चालवणार? छोटे ग्लास म्हणून हिशोब राहत नाही आणि परत येताना रात्रीचा हायवे आहे. न पिणारा एक न्या नाहीतर तिथंच मुक्काम करा.

कंदी_पेढा (सातारा)
लय उपकार राव सगळ्यांचे. बँकवाल्यानं दुसरा रकाना टाकलाय, भडंग पिशवीतनं काढलंय. ड्रायव्हर म्हणून धाकटा मेव्हणा तयार झालाय, तो घेत नाही, पण जेवणाचं बिल आम्ही भरायचं अशी अट आहे आणि त्याला मटण लागतंय. ते मटण टेबलावर आल्यावर वास घ्यायचं कसं तेवढं सांगा.

भडंग_सम्राट (सांगली)
त्याला पलीकडच्या टेबलावर बसवा 😂

तासगावचा_बेदाणा
मटण शेवटी मागवा, स्टाउटबरोबर. भाजलेल्या मटणाला तीच लागते.