मदत हवी आहे: सर्व्हेत तरुणांचा त्रास पकडायला कुठली प्रश्नावली?

शहरातल्या १८ वर्षांवरच्या लोकांचा घरोघरी सर्व्हे करतोय, तब्येतीमुळे रोजच्या जगण्यावर किती परिणाम होतो ते मोजायचंय. ईक्यू-५डी-५एल ही तब्येतीची छोटी प्रश्नावली घेतली, पाचच प्रश्न आणि तब्येतीला आकडा द्यायची एक पट्टी, पटकन होतं. पण पायलटमध्ये (आधी केलेल्या छोट्या चाचणीत) बरेच तरुण सरळ १११११, म्हणजे पाचही ठिकाणी 'त्रास नाही', आणि तीच माणसं ० ते १०० च्या पट्टीवर (१०० म्हणजे सगळ्यात चांगली तब्येत) ७० या आकड्यावर बोट ठेवतात, थकवा, झोप असलं काहीतरी नक्की निसटतंय. एसएफ-३६ हा ३६ प्रश्नांचा तब्येतीचा संच करून बघितला, लोक मध्येच कंटाळून उठतात. परवानग्या झाल्यात, माणशी १० मिनिटंच मिळतात. ज्यांना वाचता येत नाही त्यांना आम्ही वाचून दाखवतो, बाकीचे स्वतः भरतात. तर सोबत एसएफ-१२ (एसएफ-३६ चाच १२ प्रश्नांचा छोटा संच) जोडू का, आणि वाचून दाखवून घेतलेली आणि स्वतः भरलेली अशी दोन्ही प्रकारची उत्तरं एकत्र धरलेली चालतात का?