मदत हवी आहे: न्यूयॉर्कमधलं ट्रान्सफर हायस्कूल, मुलाला घालावं का?

नमस्कार मंडळी,

आम्ही क्वीन्समध्ये राहतो. मुलगा सतरा वर्षांचा, इथल्याच एका मोठ्या पब्लिक हायस्कूलमध्ये. सप्टेंबरात त्याचं चौथं वर्ष सुरू झालं. सगळं सुरळीत असतं तर येत्या जूनमध्ये तो डिप्लोमा घेऊन बाहेर पडला असता. परवा त्याचं ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या वर्षांची गुणपत्रिका, हातात आलं. सत्रात विषय पास झाला की क्रेडिट मिळतात. डिप्लोमाला लागतात ४४, त्याच्याकडे आहेत १५.

तो कागद मी जेवणाच्या टेबलावर ठेवून किती वेळ बघत बसले होते. नववीचे दोन रकाने छान भरलेले, सगळे ऐंशीच्या घरातले मार्क. मग ५५, ४५, ५५, म्हणजे इथे नापासच. पीटीच्या ओळीतसुद्धा ४५. हा मुलगा शाळेच्या क्रिकेट टीममध्ये होता हो! मार्क आणि हजेरी घसरली तशी टीमही गेली, आणि शाळेत जायचं उरलंसुरलं कारणही गेलं.

घडलं ते असं. तो दहावीत असताना ह्यांना स्ट्रोक आला. माझी दुपारची पाळी, यायला रात्रीचे साडेअकरा. बाबांना जेवायला घालणं, औषधं, बाथरूमला नेणं, हे सगळं पोरानं केलं. सकाळी उठवेना, पहिले दोन तास बुडायला लागले. पुढे वर्गात काय चाललंय ते कळेना म्हणून उरलेलेही बुडवायला लागला. गैरहजेरीचा रेकॉर्डेड फोन रोज संध्याकाळी घरी यायचा, तो उचलून हाच ठेवून द्यायचा. मला कित्येक महिने पत्ताच नव्हता. आता ह्यांची तब्येत बरीच सावरली आहे, पण लेकानं शाळेचा धसका घेतलाय. बॅग भरतो, बूट घालतो आणि दाराशी बसून राहतो.

शाळेतल्या कौन्सेलरबाईंनी दहा मिनिटांत निकाल दिला: "ह्याचं आता इथे होणार नाही, जीईडी देऊ दे." म्हणजे शाळा सोडून डिप्लोमाऐवजी द्यायची परीक्षा. शेजारच्या बांगलादेशी ताई म्हणाल्या, घाई करू नका, ट्रान्सफर हायस्कूल म्हणून छोट्या शाळा असतात, तिथे विचारा.

तर जाणकारांनी कृपया सांगा. ही खरी शाळा असते, की बिघडलेली मुलं एका जागी गोळा करून ठेवतात? डिप्लोमा तोच मिळतो का? पुढे कॉलेजला अडचण येते का? शाळा त्याला नावावरून काढू शकते का? नेटवर एका शाळेचा ग्रॅज्युएशन रेट पाहिला आणि छातीत धस्स झालं. देशात सासूबाईंना अजून काही सांगितलेलं नाही. त्या दर रविवारी विचारतात, बारावीचा अभ्यास कसा चाललाय?

प्रतिसाद १

ताई, आधी पाणी प्या. मी ब्रुकलिनमध्ये अशाच एका शाळेत काम करते, म्हणून नीट लिहिते.

शाळा त्याला काढू शकत नाही. ज्या शालेय वर्षात तो २१ पूर्ण करेल, ते वर्ष संपेपर्यंत शिकण्याचा त्याला हक्क आहे. तेव्हा जीईडीच्या कुठल्याही कागदावर घाईनं सही करू नका. जीईडी वाईट नाही, पण ती समकक्ष परीक्षा आहे, हायस्कूल डिप्लोमा नव्हे.

ट्रान्सफर हायस्कूल ही पूर्णवेळ, दिवसाची, मोफत शाळा. डिप्लोमा तोच. आधीचे १५ क्रेडिट आणि पास झालेल्या रीजंट्स (राज्याच्या विषयवार परीक्षा) सोबत येतात. किमान एक वर्ष हायस्कूलमध्ये काढलेली, वयाच्या मानानं क्रेडिट कमी असलेली मुलं इथे घेतात, बहुतेक ठिकाणी १६ ते २१ वयाची. क्रेडिटची अट प्रत्येक शाळेची वेगळी. प्रवेश वर्षभर चालू असतात, तेव्हा थेट शाळेत फोन करून मुलाखतीची वेळ घ्या. बऱ्याच ठिकाणी वर्षाची दोनाऐवजी तीन सत्रं असतात, त्यामुळे क्रेडिट लवकर जमतात. २९ क्रेडिटला दोन वर्षं धरून चाला.

आणि तो रेट. इथे येणारं जवळजवळ प्रत्येक मूल आधीच मागे पडलेलं असतं. चार वर्षांच्या मापानं मोजलं तर आकडा पडणारच. सहा वर्षांचा आकडा बघा आणि शाळेत जाऊन मुलांशी बोला.

तुमच्या मुलासाठी मला सर्वांत मोलाचं वाटतं ते अ‍ॅडव्होकेट कौन्सेलर. अनेक ट्रान्सफर शाळांत एखादी सामाजिक संस्था सोबत असते. रेड हुकच्या साउथ ब्रुकलिन कम्युनिटीत गुड शेफर्ड आहे, तशी. त्यांचा एक माणूस मोजक्या मुलांमागे असतो. मूल आलं नाही तर रेकॉर्डेड फोन नाही, तो स्वतः फोन करतो: "कुठे आहेस? दुसऱ्या तासाला तरी ये." लर्निंग टू वर्क हा कार्यक्रम असेल तिथे पगारी इंटर्नशिपही मिळते. दाराशी बूट घालून बसलेल्या पोराला अशा माणसाचीच गरज आहे.

प्रतिसाद २

माझा भाचा मॅनहॅटनच्या सिटी-अ‍ॅज-स्कूलमध्ये होता. १९७२ पासूनची शाळा, बाहेर इंटर्नशिप करायची आणि त्याचे क्रेडिट मिळतात. तिथे बहुतेक सगळ्या रीजंट्सऐवजी प्रकल्प करून तो परीक्षकांसमोर मांडावा लागतो. सोपं मुळीच नाही, त्याचा पहिला निबंध तीनदा परत आला होता. क्वीन्समध्ये नॉर्थ क्वीन्स कम्युनिटी आणि व्हॉयेजेस प्रेपला विचारा. पण लांबची शाळा आवडली तर अंतराला भिऊ नका, विद्यार्थ्यांच्या ओम्नी कार्डावर (सबवे-बसचा पास) दिवसाला चार फेऱ्या फुकट असतात.

वायएबीसी, म्हणजे मागे पडलेल्या मुलांसाठीचे संध्याकाळचे वर्ग, कोणी सुचवेल. त्याला साडेसतरा वय आणि १७ क्रेडिट लागतात, तुमचा आकडा अजून तिथे पोचत नाही.

प्रतिसाद ३

म्हणजे आपल्याकडच्या १७ नंबर फॉर्मसारखं का?

प्रतिसाद १ (पुन्हा)

नाही. १७ नंबरवाला मुलगा घरी अभ्यास करून एकटा परीक्षेला बसतो. इथे रोज वर्गात बसायचं असतं. पटसंख्या लहान, शिक्षक नावानं ओळखतात. सासूबाईंना समजवायचं तर "शाळा बदलली, अजून दोन वर्षं लागतील" एवढं पुरे आहे, आणि ते खरंही आहे.

ताई, एक विनंती. मुलाखतीचा फोन त्याला करू द्या. तिथे "तुला का यायचंय?" हे त्यालाच विचारतात.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री तुमचे प्रतिसाद त्याला वाचून दाखवले. "कुठे आहेस?" हे वाक्य त्यानं पुन्हा वाचायला लावलं.

आज सकाळी दार लावून फोन केला त्यानं. बाहेर मला एवढंच ऐकू आलं, "फिफ्टीन. यस, फिफ्टीन." गुरुवारी दहाला बोलावलंय. ट्रान्सक्रिप्ट, लसीकरणाचा कागद आणि पत्त्याचा पुरावा काढून ठेवलाय, मी सुट्टी टाकली आहे. ह्यांनाही यायचंय, म्हणतात माझ्यामुळे झालं ते मीच सांगतो. मुलगा म्हणाला, "बाबा, या. पण ते मी सांगतो."

स्ट्रोकच्या वेळचे हॉस्पिटलचे कागद न्यावेत का? आणि आत मुलाखतीला तो एकटा जातो, की आम्हालाही बसवतात?