मदत हवी आहे : शाळेच्या जनरल रजिस्टरला (विद्यार्थ्यांच्या नोंदवहीत) 'निधर्मी' कसं लावायचं?

अमळनेरला मुलीचा पहिलीचा प्रवेश आहे. आम्ही दोघंही नास्तिक. धर्माचा रकाना कोरा ठेवला, तर संगणक म्हणे पुढे सरकत नाही. धर्म सांगायची सक्ती सरकार करू शकत नाही, हा मुंबई उच्च न्यायालयाचा २०१४ चा निकाल दाखवला, नोटरीचं प्रतिज्ञापत्रही जोडलं. उत्तर एकच : 'वरून लेखी आणा.' (रकाने घटले तर भांडणंही घटतील, ही आमची भाबडी आशा!)

जात ओबीसी आहे, ती मात्र लावायचीच. पुढे जात पडताळणीत हीच नोंद बघतात. अनुसूचित जातींना राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशानं धर्माची अट आहे (हिंदू, शीख किंवा बौद्धच हवं), पण आमचा प्रश्न ओबीसीचा. कोर्टकचेरी नको.

'निधर्मी' आणि जात, दोन्ही लावून खान्देशात कुणाला दाखला मिळालाय का? लेखी आदेश कुणी दिला, गटशिक्षणाधिकाऱ्यांनी की जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांनी?