पीएचपीत ब्राउझर ओळखताना जवळजवळ सगळे 'सफारी ५३७' कसे?

निफाडकर:
नाशिक, पिंपळगाव, लासलगाव पट्ट्यातल्या शेतकऱ्यांसाठी कांदा-द्राक्षाच्या रोजच्या भावाचं पान आहे. पीएचपी ७.४, शेअर्ड होस्टिंग. युजर-एजंट हेडर, म्हणजे ब्राउझर प्रत्येक मागणीसोबत पाठवतो ती स्वतःच्या ओळखीची स्ट्रिंग, वाचून ब्राउझरचं नाव टेबलात टाकतो. आधी 'सफारी' शोधतो, नाही सापडलं तर 'क्रोम', मग 'फायरफॉक्स'. निकाल: बहुतेक ओळी 'सफारी ५३७'. इथे बांधावर एवढे आयफोन कुठून आले? गेट_ब्राउझर() लावलं तर नुसती वॉर्निंग येते. आकडेवारी हवीच आहे, शिवाय जुन्या ब्राउझरला आलेखाऐवजी साधा तक्ता दाखवायचाय.

पंचवटी_पीएचपी:
ते आयफोन नाहीत, क्रोम आहे. क्रोमच्या स्ट्रिंगच्या शेवटी 'सफारी/५३७.३६' असतंच, आणि तो आकडा वर्षानुवर्षं गोठलेला आहे. सुरुवातीचं 'मोझिला/५.०' तर सगळेच मिरवतात. अस्सल सफारीची आवृत्ती 'सफारी/' नंतर नसते, 'व्हर्जन/' नंतर असते.

क्रम उलटा करा. जो दुसऱ्याचं नाव सांगत फिरतो त्याला आधी पकडायचं. एज म्हणजे 'एड्ज' नव्हे, 'एडग/'. २०२० च्या क्रोमियमवाल्या एजपासून स्पेलिंगमधला शेवटचा 'ई' गेला. ऑपेराचं 'ओपीआर/'. मग सॅमसंगब्राउझर आणि यूसीब्राउझर. त्यानंतर क्रोम, आणि सफारी अगदी शेवटी. आयफोनवरच्या क्रोममध्ये 'क्रोम' हा शब्दच नसतो, 'क्रिओएस' असतो, फायरफॉक्सचं 'एफएक्सआयओएस'. हे दोन्ही सफारीच्या आधी तपासा. ब्रेव्ह मात्र या हेडरवरून वेगळा काढता येत नाही, स्ट्रिंग क्रोमचीच.

स्ट्रपॉस() वापरत असाल तर तुलना '!== फॉल्स' अशीच करा. शब्द अगदी सुरुवातीला सापडला तर उत्तर शून्य येतं आणि नुसत्या 'इफ'ला ते 'नाही' वाटतं.

गेट_ब्राउझर()ला ब्राउझकॅप फाइल, म्हणजे ब्राउझरांच्या ओळखीची यादी, लागते. तिचा रस्ता मुख्य पीएचपी.आयएनआयमध्येच द्यावा लागतो, स्क्रिप्टमधून चालत नाही. शेअर्ड होस्टिंगवर त्याचा नाद सोडा.

सातपूर_सर्व्हर:
वरच्यात भर. आवृत्तीची तुलना व्हर्जन_कम्पेअर()ने करा. '१००.०.४८९६.६०' आणि '९९.०.४८४४.५१' या नुसत्या स्ट्रिंग म्हणून ताडल्या तर शंभरवाला लहान ठरतो. पहिले दोनच अंक कापले तर १०० चा १० होतो.

फोनच्या मॉडेलवरून काही मोजू नका. २०२३ पासून अँड्रॉइडवरचा क्रोम सगळ्यांसाठी 'अँड्रॉइड १०; के' एवढंच पाठवतो, आवृत्तीचे मागचे आकडे शून्य. विंडोज ११ सुद्धा 'एनटी १०.०' म्हणूनच येतं. आयपॅडची सफारी २०१९ पासून स्वतःला मॅक म्हणवते. ब्राउझरची माहिती वेगवेगळ्या हेडरांत देणारे क्लायंट हिंट्सचे हेडर आहेत, पण ते एचटीटीपीएसवरच येतात, आणि फायरफॉक्स-सफारी पाठवतच नाहीत. जोडीला ठीक, भरवसा नको.

आलेखाचं म्हणाल तर ब्राउझर ओळखायची गरजच नाही. तक्ता एचटीएमएलमध्ये सगळ्यांनाच पाठवा, आलेख स्क्रिप्टने त्यावर काढा. स्क्रिप्ट चालली नाही तर तक्ता आहेच. सर्व्हरवर दोन पानं केलीत आणि मध्ये कॅशे (पानाची प्रत साठवून तीच पुढच्यांना देणारा) असला, तर पहिला आलेला यूसीवाला असेल आणि कॅशे संपेपर्यंत सगळ्या तालुक्याला त्याचंच पान मिळेल. त्यावर युजर-एजंटप्रमाणे वेगळी प्रत ठेव असं कॅशेला सांगणारा 'व्हेरी: युजर-एजंट' हेडर लावला तर प्रत्येक स्ट्रिंगमागे वेगळी प्रत साठते आणि कॅशेचा उपयोगच जातो.

निफाडकर:
क्रम बदलला, आता क्रोम दिसतोय. पण काही ओळींत नाव रिकामं आहे, आणि काहींत नुसतं 'व्हॉट्सअ‍ॅप/२' असं काहीतरी.

पंचवटी_पीएचपी:
ग्रुपवर लिंक टाकली की प्रिव्ह्यूसाठी पान मागवलं जातं, ती 'व्हॉट्सअ‍ॅप/२'. वाचक म्हणून मोजू नका. रिकाम्या बहुधा बॉट किंवा स्क्रिप्ट. हेडर पाठवणं सक्तीचं नाही, म्हणून वाचण्याआधी '?? ""' लावा, नाहीतर नोटीसचा पाऊस पडेल.

कॉलम व्हारचार(२५५) असेल तर वाढवा किंवा साठवण्याआधी कापा. फेसबुक-इन्स्टाग्रामच्या आतल्या ब्राउझरची शेपटी फार लांब असते, आणि मायएसक्यूएल स्ट्रिक्ट मोडमध्ये ती अख्खी ओळच नाकारतो. आणि अ‍ॅडमिन पानावर ही स्ट्रिंग दाखवताना एचटीएमएलस्पेशलचार्स() विसरू नका. हेडरमध्ये कोणीही स्क्रिप्ट टॅग घालून पाठवू शकतो, ती चालेल तुमच्याच लॉगिनमध्ये.