मिडलटनची जुनी डिस्टिलरी: 1,44,000 लिटरचं पॉट स्टिल बंद का झालं?

मळीकाठ (वाळवा, सांगली):
आयर्लंडच्या कॉर्क परगण्यातली मिडलटनची जुनी डिस्टिलरी 1825 ते 1975 चालली. तिथलं तांब्याचं पॉट स्टिल, म्हणजे दारू उकळून गाळायचं भांडं, जगातलं सर्वांत मोठं, सुमारे 1,44,000 लिटरचं. दोन शंका आहेत. एवढं भांडं कोळशाच्या जाळावर चालवायचं कसं? आणि आपल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांत जे अ‍ॅनालायझर आणि रेक्टिफायर कॉलम (सलग गाळणारे उभे स्तंभ) असतात, त्यांचं मूळ इनिअस कॉफीच्या 1830 च्या पेटंटमध्ये आहे. कॉफी डब्लिनचा अबकारी अधिकारी. मग त्याच्याच देशातल्या डिस्टिलऱ्या मागे का पडल्या? आयरिश लोकांनी कॉलम नाकारला असं म्हणतात, ते कारण का? मिडलटनही त्यातच गेली का?

काहील (कराड):
आधी भांड्याचं सांगतो. ते वॉश स्टिल होतं, म्हणजे वॉशची (आंबवलेल्या धान्याच्या पातळ रसाची) पहिली उकळी त्यात व्हायची. बार्लीच्या वॉशमध्ये धान्याचा बारीक गाळ आणि यीस्ट असतं, खाली थेट जाळ असला की ते तळाला लागतं. गुऱ्हाळावर काहिलीतला रस लागू नये म्हणून ढवळत राहावं लागतं, तीच गत. अशा स्टिलमध्ये तळावरून फिरणारी तांब्याची साखळी बसवतात, तिला रमेजर म्हणतात. ती अडकली की गाळ करपतो, आणि तो करपट वास पुढच्या दोन उकळ्यांतही पुरता जात नाही. त्या जागी तळही जास्त तापतो आणि लवकर पातळ होतो.

दुसरी अडचण फेसाची. भांडं काठोकाठ भरलं आणि जाळ जोरात ठेवला, तर फेस चढून वरच्या नळीतून थेट कंडेन्सरमध्ये उतरतो. म्हणून वर जागा सोडायची आणि उकळी फुटायच्या सुमारास जाळ कमी करायचा. हिशोबासाठी 1,00,000 लिटर वॉश आणि 8 टक्के अल्कोहोल धरा. शुद्ध अल्कोहोल 8,000 लिटर. लो वाइन्स, म्हणजे पहिल्या उकळीतून मिळणारी सौम्य दारू, 24 टक्क्यांवर जमल्या, तर त्या साधारण 33,000 लिटर भरतील. बाकी पाणी आणि गाळ पहिल्याच फेरीत मागे राहतो. मग दुसरं स्टिल, मग तिसरं, आणि शेवटी स्पिरिट 80 टक्क्यांच्या पुढे.

भांडं मोठं केलं की घनफळ वाढतं त्या प्रमाणात तळ वाढत नाही. तापायला वेळ लागतो, आणि दर लिटरमागे तांब्याचा स्पर्शही कमी होतो. वॉशमधली गंधकाची संयुगं तांबंच धरून ठेवतं, त्यामुळे हा तोटा चवीत उतरतो. 1975 च्या नव्या प्लांटमध्ये पॉट स्टिल प्रत्येकी सुमारे 75,000 लिटरची, वाफेवर चालणारी घेतली, ते उगाच नाही.

संगम (सातारा):
दुसऱ्या शंकेत एक दुरुस्ती. "आयरिश लोकांनी कॉलम नाकारला" हे सरसकट खरं नाही. नाकारला तो डब्लिनच्या मोठ्या घराण्यांनी: जॉन जेमसन, विल्यम जेमसन, पॉवर आणि रो. बेलफास्ट, डेरी आणि कॉर्कमध्ये कॉलम चालले. कॉर्कच्या चार डिस्टिलऱ्या 1867 मध्ये एक झाल्या, पाठोपाठ मिडलटनही त्यात आली, आणि तिथं पॉट आणि कॉलम दोन्ही होते. माझ्या मते ती शेवटपर्यंत टिकली याचं मोठं कारण हेच.

कॉफीच्या रचनेत थंड वॉश आधी रेक्टिफायरमधल्या नागमोडी नळीतून जातो. बाहेरच्या वाफेनं तो तापतो आणि त्याच वेळी ती वाफ थंडावते. तापलेला वॉश अ‍ॅनालायझरच्या माथ्यावर पडून छिद्रांच्या प्लेटांवरून उतरतो, खालून वाफ चढते. इंधनाची बचत तिथंच आहे. पॉटमध्ये प्रत्येक खेपेला भांडं नव्यानं तापवावं लागतं.

पडझड मात्र एका कारणानं झाली नाही. 1909 मध्ये ब्रिटनच्या शाही आयोगानं कॉलमच्या दारूलाही व्हिस्की म्हणायला मान्यता दिली. 1920 ते 1933 अमेरिकेत दारूबंदी, 1932 ते 1938 ब्रिटनशी व्यापारयुद्ध. दोन्ही मोठी गिऱ्हाइकं आटली. 1966 मध्ये जेमसन, पॉवर आणि कॉर्क डिस्टिलरीज एकत्र येऊन आयरिश डिस्टिलर्स झाली. डब्लिनच्या जागा शहरात कोंडलेल्या, मिडलटनला मोकळी जमीन, नदी आणि आसपास बार्ली. म्हणून सगळं उत्पादन तिकडे नेलं. नवा प्लांट जुन्याच्या शेजारीच जुलै 1975 मध्ये सुरू झाला. मिडलटन तोट्यानं बुडाली असं कृपया लिहू नका.

मळीकाठ:
समजलं. पण तिथं माल्टबरोबर (मोड आणून वाळवलेल्या बार्लीबरोबर) कच्ची बार्लीही वापरत, ती कशासाठी? पिष्टाची साखर करायला माल्टच लागतं ना?

काहील:
करामुळे. 1785 पासून माल्टवर कर बसला, म्हणून कच्च्या बार्लीचं प्रमाण वाढलं. माल्टमधली एन्झाइम दोन्हींना पुरतात. त्रास होतो तो गाळताना. कच्च्या बार्लीमुळे मॅश (गरम पाण्यात कालवलेलं दळलेलं धान्य) चिकट होतो आणि टाकीच्या चाळणीवर बसतो. म्हणून थोडे ओट्स घालत. त्यांच्या जाड टरफलांतून पाण्याला वाट मिळते. पुढे तेलकट, मसालेदार चवीसाठी हे मिश्रण ठेवलं गेलं, आणि आज त्यालाच सिंगल पॉट स्टिल म्हणतात.

संगम:
ते मोठं स्टिल अजून जागेवर आहे, 1852 चं बिडाचं पाणचक्र सुद्धा. जुन्या इमारती 1992 पासून पाहायला खुल्या आहेत.